उझबेकिस्तानची सुप्रीम सोव्हिएट आणि आमच्या चावडीचा फळा

पंचावन्न-छप्पन सालच्या सुमाराला आमच्या अनसिंग गावाच्या आसपास उझबेकिस्तानच्या कायदेमंडळाचा एकच जाणकार होता, आणि तो म्हणजे मी. दुसऱ्या कुणाला तसं व्हायचंच नव्हतं, हे माझ्या ध्यानात फार उशिरा आलं.

मॅट्रिकला आपटी खाल्ल्यावर माणसाला काहीतरी मोठं बोलावंसं वाटतं. मी रशियाहून येणारं गुळगुळीत कागदाचं मासिक मागवायला लागलो. आई त्याची पानं फडताळात अंथरायची. उझबेकिस्तानच्या सुप्रीम सोव्हिएटचा इतिहास मी डाळीचे डबे सरकवून वाचला. शेवटचं पान तेलाच्या बुधलीखाली गेलं होतं, ते वाचायचं राहिलं.

तेवढ्यात ग्रामपंचायतीची निवडणूक आली. भांडणं नकोत, वार्डातून एकच नाव ठरवू, असं पाटलांनी सांगितलं. ते नाव माझंच असावं, अशी माझी फार इच्छा होती. नापास झाल्यापासून गावात माझ्याशी कुणी धड बोलत नव्हतं. मेंबर झालो की बोलतील, एवढाच हिशोब. त्यासाठी जाकीटही शिवून ठेवलं होतं.

माणसं जास्त जमावीत म्हणून कापूस वेचणाऱ्या बायांनाही मीच चावडीवर बोलावलं. त्यांच्या टोळीची म्होरकी आईच्या वयाची विधवा होती, मी तिला मावशी म्हणायचो. हंगामात आई तिच्याच टोळीत वेचायला जायची. त्या दोघी भिंतीला टेकून बसल्या.

शाळेतून आणलेल्या फळ्यापुढे उभा राहून मी सुरुवात केली. तिथं आधी अमिराची राजवट होती. ती गेल्यावर गावोगावच्या सोव्हिएट, म्हणजे पंचायती, आपली माणसं वरच्या परिषदेला धाडू लागल्या. पुढे नवी घटना झाली आणि थेट मतदानानं सुप्रीम सोव्हिएट निवडली जाऊ लागली. ती वर्षातून दोनदा, थोडेच दिवस भरते, मधलं काम अध्यक्षमंडळ बघतं. पाटलांना जांभई आली.

"तिथं पऱ्हाटी होते का?" मावशीनं विचारलं.

"होते ना मावशी, कापूसच कापूस! कापूस वेचणारी बाई तिथं कायदे करायले बसते." मी मासिकातलं चित्र सगळ्यांना दाखवलं. त्या बाईच्या छातीवर बिल्ले होते. बाया एकमेकींना कोपरानं ढोसू लागल्या. भाषण रंगलं, असं मला वाटलं.

मग मी मुद्द्यावर आलो. "तिथं चिठ्ठीवर एकच नाव असते. पसंत असलं त चिठ्ठी तशीच पेटीत टाकायची. नसलं त नाव खोडायचं. आपण फळ्यावर नाव लिहू. ज्याले पसंत नसन, त्यानं उठून पुसावं."

हा माझा मोठा डाव होता. आमच्याकडे चारचौघांत उठून कुणाचं नाव पुसायला कुणी धजत नाही. एकदा नाव लागलं की मेंबरकी पक्की. नाव सुचवायला मित्राला पढवून ठेवलं होतं. मी खडू घेऊन त्याच्याकडे बघितलं. त्याचं तोंड पानानं गच्च भरलेलं! तो पिचकारी टाकायला बाहेर पळाला, आणि तेवढ्यात भिंतीकडून बायांचा गलका झाला. त्यांनी मावशीचं नाव घेतलं.

"लिव्ह ना," पाटील म्हणाले, "पाह्यत काय राह्यला?"

माझ्या हातानं मी ते नाव लिहिलं. खडू जेमतेम टेकवला, त्यामुळे अक्षरं पुसटच उमटली.

"आता ज्याले पसंत नसन, त्यानं उठावं," पाटील म्हणाले.

सगळ्या चावडीत नापसंत असलेला मी एकटाच होतो. संताप असा आला की मी ताडकन उठलो आणि फळ्यापाशी गेलो. आईनं मान खाली घातली.

"पूस ना बापू," मावशी म्हणाली. "भेतं काहून? तुयाच त कायदा हाये."

ओलं फडकं फळ्याखाली पडलं होतं. मी खडू उचलला आणि ती पुसट अक्षरं गिरवून ठळक केली. काय मोठं मन पोराचं, असं लोक म्हणाले. मोठं मन कसलं? उठलोच होतो, तर काहीतरी करणं भाग होतं.

मावशी मेंबर झाली. माझ्याशी लोक बोलू लागले, पण ते तिच्याकडे निरोप धाडायला. पुढच्या निवडणुकीआधी ती आमच्या घरी आली.

"तिकडं कधी कोणी नाव खोडलं का रे?"

"मासिकात तसं काई नव्हतं, मावशी."

"मंग ते निवडणूक कायची? आरतीच म्हन ना. सारे संगच हात जोडतेत." ती पाणी प्यायली. "आवंदा दोन नावं राहू दे. तूबी उभा राह्य."

मी उभा राहिलो, जाकीट घालून फिरलो आणि सपाटून पडलो. आईनं मत कुणाला दिलं, ते मी विचारलं नाही. त्या संध्याकाळी ती मला वाढत होती, आणि भाकरीवर नेहमीपेक्षा पुष्कळ जास्त तूप होतं.