शिंगं जिथल्या तिथे

शारिपाएजे एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन कारा-जिलगाच्या दरीत गेली आणि तिथल्या पहिल्याच हिवाळ्याच्या शेवटी तिने पहिली शिंगं उचलली. ती माझी आत्या. आमच्याकडे आत्या, मोठी बहीण, वडीलधारी कुठलीही बाई, सगळ्या एजेच.

रानमेंढा झऱ्याच्या वळणावर मरून पडला होता. मांस लांडग्यांनी संपवलं होतं. कवटी आणि दोन वळलेली शिंगं उरली होती. सासू म्हणाली, "शिंगं पायदळी राहू द्यायची नाहीत. उचल आणि मझारावर ठेवून ये." मझार खिंडीच्या तोंडाशी आहे, कुणा जुन्या संताच्या कबरीवर रचलेला दगडांचा ढीग. एजे ती कवटी पाठीला बांधून वर गेली. त्या महिन्यात तिचं पहिलं मूल तीन दिवसांचं होऊन गेलं होतं. तिने शिंगाला पांढऱ्या चिंधीची गाठ मारली आणि खाली येऊन चूल पेटवली.

त्यानंतर छत्तीस हिवाळे झाले. उन्हाळ्यात त्या दरीत वीसेक तंबू पडतात, तीन हजार मेंढ्या चरतात. सप्टेंबर लागला की सगळे गावात उतरतात. मागे राहतात एजे, तिचा नवरा मुकाश आणि त्यांचे याक. माणसं गेली की रानमेंढे खिंड ओलांडून येतात. उन्हाच्या बाजूच्या उतारावर वारा बर्फ टिकू देत नाही, तिथे तेरेस्केनची करडी, खुरटी झुडपं उघडी राहतात. तीच खाऊन ते हिवाळा काढतात. काहींचा निघत नाही. एप्रिलमध्ये एजे दरीभर फिरायची आणि सापडेल ते वर नेऊन ठेवायची. एकेचाळीस कवट्या झाल्या होत्या. प्रत्येकीवर तिच्या नाहीतर वाटेने जाणाऱ्या कुणाच्या तरी चिंध्या होत्या.

मग खिंडीपलीकडे सोनं सापडलं. खाणीचा रस्ता कारा-जिलगातून काढायचा की शेजारच्या दरीतून चाळीस किलोमीटरचा वळसा घालून न्यायचा, हे पाहणीवर ठरणार होतं. दरीतून रानमेंढ्यांची वाट जाते असं सिद्ध झालं, तर वळसा. पाहणीसाठी जुलैत बिश्केकहून मेदेत नावाचा तज्ज्ञ आला. अहवालाचं किर्गिझ भाषांतर करायला मी होते, आणि झाडोरा ओळखायला त्याने एजेला रोजंदारीवर घेतलं.

लोखंडी सळ्यांची मीटरभराची चौकट गवतावर ठेवायची आणि आत काय उगवलंय ते लिहायचं, अशी त्याची पद्धत होती.

"एजे, या चौकटीत हिरवं किती? शंभरात सांगा."

"शंभरातलं मला कळत नाही. तीन तळहात आहे."

मेदेतने पट्टी काढून तिचा तळहात मोजला आणि आकडा लिहिला. मुकाश घोड्यावरून बघत होते.

"छत्तीस वर्षं झाली, मी कधी हिचा हात मोजला नाही!"

"तुमची नजर हातातल्या ताटापलीकडे गेली असती, तर मोजला असता," एजे म्हणाली.

झाडोरा नीट नोंदला गेला. बावीस जाती. रानमेंढ्यांचं पान मात्र कोरं होतं.

"इथे दिसतात ते?" मेदेतने विचारलं.

"आत्ता कसे दिसतील? आत्ता आम्ही आहोत ना."

"लेंड्या?"

"लेंड्या पोतंभर ने," मुकाश म्हणाले. "तीन हजारांतल्या रानातल्या कुठल्या, ते तेवढं तू शोध."

"जानेवारीत ये ना बाळा," एजे म्हणाली. "दारात बसवून दाखवते."

"नोव्हेंबरपासून गाडी चढत नाही, एजे. आणि अहवाल ऑक्टोबरात द्यायचाय."

मेदेत वाईट माणूस नव्हता. खिशात कुरुताचे, वाळवलेल्या दह्याचे खारट गोळे टाकून तो चार दिवस दरी तुडवत होता. त्याला एकही हाड सापडलं नाही. शेवटच्या दिवशी तो मझारापाशी गेला, शिंगांच्या ढिगाचा फोटो काढला आणि 'श्रद्धास्थाने' या पानावर नोंद केली.

निघताना एजेने मला चुलीपाशी बोलावलं.

"हाडं दरीत पडलेली असती तर?"

"तर जागेसकट लिहिली असती. जिथे जिथे हाडं, तिथून वाट धरतात."

ती गोवरी मोडत राहिली. हातातली संपली, मग दुसरी घेतली.

"दरी मी झाडून ठेवली," ती म्हणाली.

मेदेत सप्टेंबरच्या शेवटी पुन्हा एकदा येणार होता. तंबू उतरले त्याच्या दुसऱ्या दिवशी एजेने याकवर पोती टाकली आणि ती मझाराकडे निघाली. पुढचं मला मुकाशनी सांगितलं.

"मझारावरचं खाली आणतेस? संत काय म्हणेल?"

"विचारलं मी त्याला."

"मग?"

"तुमच्यासारखाच आहे. गप्प बसला."

नऊ दिवस ती शिंगं उतरवत होती. कुठली कुठून उचलली, हे तिला विचार न करताही आठवत होतं. सामुदायिक शेती मोडली आणि पिठाशिवाय हिवाळा काढला, त्या वर्षीची जोडी दोन खडकांच्या मध्ये. सासू गेली त्या वर्षीची ओढ्याच्या काठी. लेक मॉस्कोला झाडलोटीच्या कामाला गेली त्या वसंतात तीन सापडली होती, तिन्ही एकाच घळीत. एजे कवटी ठेवायची, दगडाचा टेकू द्यायची आणि पुढे जायची. झऱ्याच्या वळणावरची तिने शेवटी ठेवली.

"चिंध्या तरी सोड," मुकाश म्हणाले. "बघितल्या की तो काय समजायचं ते समजेल."

"दुसऱ्याची गाठ आपण कशी सोडायची?"

"आणि तुझी?"

"तीही नाही."

मेदेत आला तेव्हा मीही बरोबर होते. पहिली कवटी त्याला झऱ्यापाशीच दिसली. तो उकिडवा बसला. कवटीवरचं दगडफूल जमिनीकडच्या बाजूला होतं, जिथे ते वाढू शकत नाही. वरच्या बाजूला करडी पडलेली चिंधी होती. त्याने बोट लावलं, पण ओढली नाही.

"एजे, हे तुम्ही ठेवलंत?"

"हो. जिथून उचललं होतं, तिथेच."

"सगळी?"

"सगळी. एकही जागा चुकलेली नाही. विचार कुठलीही."

तो विचारत गेला नाही. दिवसभर फिरून त्याने एकेचाळीसही जागा नकाशावर टिपल्या. संध्याकाळी एजेने चहा ओतला तेव्हा त्याने कप दोन्ही हातांनी घेतला.

"मला खरं वाटतंय, एजे," तो म्हणाला. "पण अहवालात मला वाटण्याचा रकाना नाही."

अहवालात एक वाक्य आलं: अवशेष मानवी हातांनी हलवलेले असल्याने पुरावा म्हणून धरलेले नाहीत. ते मी किर्गिझमध्ये केलं. कठीण नव्हतं. गावातल्या सभेत मीच ते वाचलं. एजे दुसऱ्या रांगेत हात मांडीवर ठेवून बसली होती. सभा संपल्यावर तिने मला विचारलं, "बोरसोक तळलेत, बांधून देऊ?" मी हो म्हटलं.

पुढच्या उन्हाळ्यात रस्ता दरीतूनच झाला. मजुरांनी दरीतली शिंगं गोळा करून ट्रकमधून मझारावर नेली आणि भोवती तारेचं कुंपण घातलं. फाटकावर 'संरक्षित स्थळ' असं लिहिलंय. एजे एकदा बघून आली. शिंगं नीट रचलेली होती. आपली कुठली, ते तिने शोधलं नाही.

रस्त्याच्या भरावावर कंपनीने गवत पेरलं. ते उगवलंही, दरीत कुठेच नसलेल्या हिरव्या रंगाचं. याकने हुंगलं आणि सोडून दिलं. उतारावरच्या तेरेस्केनवर धूळ बसते. एजे एखादी फांदी झटकून बघते.

त्यानंतरच्या जानेवारीत रानमेंढे आले. मुकाशनी मोजले, अकरा होते. भरावाच्या पलीकडे उभे राहिले. मधून ट्रक जात होते. दोन दिवस ते तिथेच होते, तिसऱ्या दिवशी नव्हते. फेब्रुवारीत पुन्हा आले तेव्हा सात होते.

मार्चच्या शेवटी एजे आणि मुकाश पाण्याला निघाले तेव्हा भरावाच्या पायथ्याशी एक म्हातारा नर पडलेला होता. अंगावर जखम नव्हती. फासळ्या कातडीतून मोजता येत होत्या. मुकाशनी पोतं काढलं.

"लांडग्यांचं होऊ दे, मग मी नेतो वर," ते म्हणाले. "फाटक उघडंच असतं."

"नको."

"पायदळी राहतील, शारिपा."

"राहू देत."

मुकाश पोतं हातात घेऊन उभे राहिले. एजेने बादल्या उचलल्या.

"इथेच राहू देत," ती म्हणाली. "हात नका लावू."

जूनमध्ये मी गेले तेव्हा कवटी तिथेच होती. मेंढ्या तिला वळसा घालून जात होत्या. एजे दिवसातून दोनदा पाण्याला त्याच वाटेने जाते. थांबत नाही. कवटी आहे ना, तेवढं बघते.