बोटाची जागा

त्या खेळण्यातल्या रेल्वेच्या तळहाताएवढ्या इंजिनाच्या पाठीवर बोटापुरताच हिरवा रंग उडालेला आहे. रुळांच्या सांध्यावर ते अडायचं आणि शेजारचे काका बोटाने पुढे ढकलायचे. काका गेले, तेव्हापासून ते बंदच होतं. काकूंनी ते माझ्याकडे दुरुस्तीला दिलं.

आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. अडलेलं चालतं करायचं, एवढं मला पक्कं कळतं. चाकं घासली. दोन्ही बाजूंच्या पोकळ टाक्यांत शिसं भरलं, म्हणजे वजनाने चाकं रुळाला टेकतील आणि रुळांतून मिळणारी वीज तुटणार नाही. रंगाला मात्र हात लावला नाही.

“चालली का रे यांची ढकलगाडी?” काकूंनी विचारलं.

“आता ढकलायला नको, काकू,” मी ऐटीत म्हणालो.

रुळांवर सोडलेलं इंजिन सांध्याशी आलं. काकूंचं बोट आपोआप पुढे झालं. इंजिन न अडता निघून गेलं आणि बोट तसंच हवेत राहिलं.

गेलेलं माणूस फोटोत राहतं म्हणतात. मला वाटतं, ते अशा अडण्याच्या जागीच जास्त राहतं.

पुढच्या फेरीला सांध्यावर मी हळूच वीज तोडली. काकूंनी त्या उडालेल्या रंगावर बोट टेकवून ढकललं, तशी मी वीज परत सोडली.

“अडतंय की रे अजून!”

“हो ना,” मी म्हणालो.