सळया अकरानंतर येतील

सैन्यातून वैद्यकीय कारणावरून सुटका होऊन काका आमच्याकडे आले, तेव्हा गाझियाबादच्या आमच्या नव्या सोसायटीसमोर आणखी चार टॉवर उठत होते. ट्रकमधून लोखंडी सळया खाली लोटल्या, की काका सोफ्यामागे आडवे पडलेले असायचे. मग उठून शर्ट झटकायचे आणि दिवसभर खोलीबाहेर यायचे नाहीत.

आम्हाला वाटलं, घर शांत ठेवावं. आईने कुकर लावणं सोडलं, बाबांनी बेलची वायर काढली. मी तशीही फारशी बोलत नव्हते. काका मात्र आणखी दचकू लागले, चमचा पडला तरी. शेवटी त्यांनी बाबांना साताऱ्याचं तिकीट काढायला सांगितलं.

"रविवारचं बघ, दादा. सगळ्यांना चोरपावलांनी चालायला लावलंय मी."

त्या आठवड्यात त्यांच्यासोबत डॉक्टरांकडे मी गेले. डॉक्टर म्हणाले, लढाईत मेंदू सतत कानोसा घ्यायला शिकतो. लढाई संपल्याचं माणसाला कळतं, पण मेंदूतला तो पहारा उठत नाही. शांततेत तर तो जास्तच कान टवकारतो. "आवाज बंद करू नका. आधी सांगत जा."

अनोळखी माणसाशी बोलणं मी एरवी टाळतेच. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी साईटवर मालाचा हिशेब ठेवणाऱ्या मुन्शीला गाठून विचारलं, आज सरिया, म्हणजे सळया, कधी उतरणार.

"शिकायत करनी है क्या, मॅडम?"

"नहीं. बस टाइम चाहिए."

"ग्यारह के बाद."

घरी येऊन फ्रिजवर कागद चिकटवला. कुकर साडेनऊ, तीन शिट्ट्या. ट्रक अकरानंतर. काकांनी तो दोनदा वाचला.

"हा तर फायरिंग रेंजचा प्रोग्राम झाला. खाली सही कुणाची?"

मी पेन पुढे केलं. त्यांनी खरंच सही केली.

अकरा वाजून दहा मिनिटांनी सळया पडल्या. काकांचे खांदे कानांपर्यंत गेले, कपातला चहा टेबलभर सांडला. पण ते खुर्चीतच होते. आई फडकं घेऊन धावली.

"राहू दे वहिनी, मी पुसतो."

संध्याकाळी बाबांनी तिकिटाचं विचारलं.

"थांब जरा," काका म्हणाले, आणि माझ्याकडे वळले. "उद्या मुन्शीकडे मीही येतो. तुझी हिंदी ऐकून तो आपल्याला पहाटे चारची वेळ द्यायचा."