सगळ्यांत आवडतं ते

स्वतःला काय आवडतं हे सांगता यावं म्हणून परमुलखाची भाषा शिकलेला माणूस उभ्या डोंबिवलीत एकच होता, आणि तो आमच्या भिंतीपलीकडे राहत होता. शेजारचे काका ठाण्याच्या कोर्टात कारकून होते. पानात पडेल ते मुकाट्याने जेवायचं, हा त्यांच्या घराण्याचा बाणा. काकूंनी "आज काय करू?" म्हणून विचारलं की उत्तर ठरलेलं, "काहीही." पण स्वभाव असा चौकस की रद्दीच्या दुकानात त्यांना जर्मन शिकवणारं एक बिनपुठ्ठ्याचं पुस्तक सापडलं आणि त्यातल्या जेवणाच्या धड्यात ते जे अडकले ते अडकलेच. "अरे, या लोकांकडे आवडीच्या तीन पायऱ्या आहेत!" ते मला ओट्यावरून ओरडून सांगत. "गेर्न म्हणजे आवडीनं, लीबर म्हणजे त्याहून आवडीनं, आणि आम लीब्स्टन म्हणजे सगळ्यांत!" मग दाढीचा साबण गालाला लावलेला असतानाच सुरू होई, "इष एसे गेर्न कार्टोफेल्न." मी बटाटे आवडीनं खातो. अर्थ समजल्यावर काकूंनी बिचारीनं आठ दिवस बटाटेच केले. वास्तविक पुस्तकात बटाटा, पाव, चीज आणि सफरचंद एवढंच होतं, आणि त्यातला घरात रोज असणारा बटाटाच. "हे मराठीत सांगायला काय होतं?" मी एकदा विचारलं. काका ओशाळले. "मराठीत 'आवडतं' म्हटलं की हावरटपणा वाटतो रे. जर्मनमध्ये नुसतं व्याकरण वाटतं."

मी तेव्हा कळव्याच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होतो. तिथं यंत्रं बसवायला एक जर्मन इंजिनियर आले होते. काकांनी महिनाभर भुणभुण लावल्यावर एका रविवारी मी त्यांना काकांकडे जेवायला घेऊन आलो. पाटावर बसताना साहेबांच्या गुडघ्यांचे हाल झाले, पण जेवले मनापासून. मग त्यांनी जर्मनमध्येच सावकाश, एकेक शब्द सोडवून काकांना विचारलं की तुम्हाला सगळ्यांत काय आवडतं. बटाटा जिभेवर आला असावा, पण त्यांनी तो गिळला. काकूंकडे बोट करून म्हणाले, "आम लीब्स्टन... माइने फ्राउ... वालाचं बिरडं!" माइने फ्राउ म्हणजे माझी बायको, एवढं मलाही ठाऊक होतं.

"काय म्हणालात माझ्याबद्दल?" काकूंनी विचारलं.

"तुझ्या हातचं बिरडं मला सगळ्यांत आवडतं म्हटलं."

काकू डाव हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. "पंचवीस वर्षांत मीठ कमी की जास्त एवढं बोलला नाहीत, आणि परक्या माणसाला सांगताय?"

साहेब गेल्यावर काका मराठीतच म्हणाले, "अगं, तुला काय आवडतं?"

हे काकूंना कधी कुणी विचारलंच नव्हतं. म्हणाल्या, "कोवळ्या फणसाची भाजी. पण ती तुम्हाला चालत नाही ना."

"कोण म्हणतं?"

"लग्नाच्या वर्षी केली होती. तुम्ही पानात टाकलीत."

"अगं, त्या दिवशी माझं पोट बिघडलं होतं!"

मला तिथं बसवेना.

पुढच्या रविवारी काका कल्याणच्या बाजारातून फणसाची कुयरी घेऊन आले. कोपरापर्यंत तेल चोपडूनही हात चिकानं बरबटले, पण भाजी त्यांनी स्वतः केली. काकूंना चुलीपाशी फिरकू दिलं नाही. जरा कच्चीच राहिली होती. काकूंनी दोनदा मागून घेतली.

काकू त्यानंतर चारच वर्षं होत्या. त्या चारही वर्षी, कुयऱ्या बाजारात आल्या की त्यांच्या घरी ती भाजी झाली, आणि चारही वेळा ती काकांनीच केली.