इलेक्ट्रॉन इतका हलका का?

शमिकाला एका जागी बसवणं म्हणजे पारा चिमटीत धरणं. हिंदी मुलखातल्या सीपरी बाजारातल्या घरात सकाळपासून तिच्या येरझारा चालल्या होत्या. दुपारी ऑनलाइन मुलाखत. संशोधनाची जागा मिळाली तर भौतिकशास्त्र, नाहीतर बाबांनी हेरून ठेवलेली कोचिंगमधली नोकरी.

इलेक्ट्रॉन त्याच जातीच्या कणांपुढे, आपल्या वजनदार भावंडांपुढे, इतका किडकिडीत का, या एका प्रश्नाने तिला पछाडलं होतं. तिचं उत्तर असं: क्षेत्रांची लांब साखळी धरा आणि कड्यांना वाटेल ते आकडे द्या. अशा बेशिस्तीत कण साखळीभर पसरत नाहीत, एकेका कडीपाशी ठाण मांडतात. वस्तुमान देणारं हिग्ज क्षेत्र एका टोकाला. जो त्याच्यापासून लांब बसला, त्याच्या वाट्याला नावापुरतं वजन. शेकडो साखळ्या तिने संगणकावर तपासल्या, आणि इलेक्ट्रॉनचं वजन दरवेळी नेमकं आलं!

आज जेवताना मात्र घास हातातच राहिला. दरवेळी इतकं नेमकं? उष्ट्या हातानेच तिने प्रोग्रॅम उघडला. चाचणीपुरता तिने सुरुवातीचा एक आकडा पक्का केला होता, म्हणजे संगणकाने पुन्हा तेच आकडे काढावेत. तो पक्का आकडा नंतर पुसायचा राहून गेला होता. शेकडो साखळ्या कसल्या, एकच साखळी ती पुन्हा पुन्हा तपासत होती.

तो आकडा पुसून तिने सगळं नव्याने चालवलं. हलके-जड कण अजूनही आपोआप येत होते, पण इलेक्ट्रॉनचं वजन दरवेळी निराळं.

"तैयारी झाली ना, बेटा?" रेल्वेतून निवृत्त झालेले तिचे बाबा, अनंतराव, दारातून म्हणाले. "शेजारच्या गोविंदरावांना सांगून टाकलंय, पोरीने कोडं सोडवलं म्हणून."

तिला रडूच फुटलं. मुलाखतीत दाखवायला जुन्या निकालाची देखणी आकृती तर तयारच होती.

मुलाखतीत तिने दोन्ही आकृत्या दाखवल्या. "ही चुकीची आहे. चूक माझीच. ही खरी."

"म्हणजे इलेक्ट्रॉन नेमका एवढाच हलका का, हे तुम्हाला सांगता येत नाही?" एका प्राध्यापकांनी विचारलं.

"नाही."

"ठीक आहे. कळवू."

पडदा काळा झाला. शेजारच्या खोलीतून अनंतराव आले. चेहरा उतरलेला.

"शमू, तू बोलली नसतीस तर उनको पता चलता क्या?"

"नाही, बाबा."

"मग कशाला बोललीस?"

"मग उद्या मी काय शोधायला बसले असते?"