रुखवतातली गोधडी

माझ्या लग्नातली सगळ्यात मोठी लढाई गोधडीवरून झाली, आणि ती माझ्या आईनं जिंकली. तोफेला बत्ती मात्र मी दिली.

आम्ही झाशीच्या रेल्वे कॉलनीतले, वडील लोको शेडमध्ये. सासर शहरातलं, पिढ्यान्‌पिढ्या झाशीत मुरलेलं मराठी घर. आईनं सहा महिने खपून जुन्या साड्यांची गोधडी शिवली होती आणि रुखवतात, अनारशांच्या शेजारी, ऐटीत मांडली होती.

लग्नाच्या सकाळी आजेसासूबाई रुखवत बघायला आल्या. मखमली रजईवरून त्यांनी मायेनं हात फिरवला आणि गोधडीपाशी थबकल्या.

"ही कथरी कुणी ठेवली इथं? चार माणसं बघायच्या आत उचला."

झाशीत कथरी म्हणजे गरिबाचं अंथरूण. आईचा चेहरा उतरला. ती घडी घालायला वाकली.

नवरीनं बोलू नये, हे मला ठाऊक होतं. मी मुंडावळ्या बाजूला सारल्या आणि शेजारच्या बंगाली मौसींना खणखणीत आवाजात विचारलं, "मौसी, आपके यहाँ इसे क्या कहते हैं?"

"कांथा! और क्या?" मौसींनी एक टोक उचललं.

"काहे का कांथा? सुजनी है, सुजनी!" बिहारी गार्डच्या बायकोनं दुसरं टोक धरलं.

"गोदडी है, बहन! हमारी गुजरात की गोदडी!" तिसरं टोक गुजराती शेजारणीकडे गेलं.

आमची बुंदेली दूधवाली कमरेवर हात ठेवून पुढे आली. "काए, जा तो कथरी आए! हमाई अम्मा ऐसई सियत तीं." 'कथरी' ती अशा थाटात म्हणाली, जणू पैठणीच! चौथं टोक तिचं.

गोधडी मांडवासारखी ताणली गेली. आजेसासूबाई तिच्या बारीक धावदोऱ्याकडे बघत राहिल्या. साऱ्या मुलखानं एखादी वस्तू आपली म्हणायची आणि आपण मागे राहायचं, हे त्यांच्या रक्तातच नव्हतं.

"सोडा गं सगळ्या! वाकळ आहे ती. आमची वाकळ! माझी आजी अश्शीच शिवायची."

आणि त्यांनी ती सरळ काखोटीला मारली.

"अहो, पण मी ती मुलीसाठी..." आई म्हणाली.

"तिला रजई आहे की. तिच्यासाठी दुसरी शिवा."

आईनं पदर खोचला आणि भर मांडवात मौसींना विचारलं, "दीदी, पुरानी साड़ियाँ और हैं घर में?"