गावची सुई

"ती सुई गावची हाय, डॉक्टर."

मालकीण ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. तिथूनच बोलली. आवाज चढवला नाही, शिवी दिली नाही. पण डॉक्टरचा हात थांबला. माझ्या दंडाला स्पिरिट लावून झालं होतं, कापसाचा गारवा अजून कातडीवर होता. त्यानं हातातली सुई डब्यात परत ठेवली आणि दुसरा डबा ओढला. ओळखू यावा म्हणून त्या डब्याला दोरा बांधलेला होता. त्यातली सुई त्यानं आत्ताच आमच्या वस्तीतल्या एका म्हाताऱ्याला टोचली होती. म्हाताऱ्याचे डोळे कित्येक महिने पिवळे होते. तीच सुई कापसानं पुसली आणि मला टोचली.

मी पाचएक वर्षांची. तापानं फणफणलेली. आईनं माझा हात घट्ट धरला होता. टोचून झाल्यावर ती मालकिणीकडं बघून हसली. चूक आमचीच झाली, माफ करा, असं ते हसू. ते मला अजून पचलेलं नाही.

आमचं गाव लोहा तालुक्यातलं. डॉक्टर लोह्याहून लुनावर यायचा, आठवड्यातून दोनदा. त्याची डिग्री कुणी कधी पाहिली नाही. गावातल्या सगळ्यात जास्त जमिनीच्या घरी, माळवदावाल्यांकडं बसायचा. गावचे लोक ओसरीवर. आम्ही भीमनगरचे खाली, अंगणात, कडुलिंबाखाली. आमच्यासाठी डॉक्टर स्वतः पायऱ्या उतरून यायचा आणि त्याचंच आमच्यात कौतुक. माणूस भला, आपल्याला हात लावतो म्हणायचे.

तेव्हा काचेच्या सिरिंजा होत्या. सुया फेकत नसत, उकळून पुन्हा वापरायच्या. गावच्या सुया मालकिणीच्या चुलीवर, मालकिणीच्या पातेल्यात उकळत. आमच्या अंगात शिरलेली सुई त्या पातेल्यात कशी जाणार? धम्म घेऊन आम्हाला दोन पिढ्या झाल्या होत्या, पण पातेल्यापर्यंत ती बातमी पोचली नव्हती. म्हणून आमची सुई वेगळी. ती मग उकळायची कशात, हा प्रश्न कुणाला पडलाच नाही. ती नुसती पुसायची. अख्ख्या भीमनगराला एक सुई.

मी बारावीला असताना आईचं पोट फुगलं. हातपायाच्या काड्या आणि पोट तेवढं मोठं. बाया म्हणाल्या, या वयात? आणि तोंडाला पदर लावून हसल्या. डोळे पिवळे झाले तेव्हा हसायच्या थांबल्या. आम्ही तिला नांदेडला मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरनं गाव विचारलं, आडनाव विचारलं. मग पोट दाबत विचारलं, रोज किती पिता?

"म्या तिला कवा हात बी लावला न्हाई, साहेब," आई म्हणाली.

डॉक्टर हसला. सगळे हेच सांगतात म्हणाला. केसपेपरवर इंग्रजीत लिहिलं, दारूमुळं लिव्हर गेलेलं. रक्त काही तपासायला पाठवलं नाही. कशाला पाठवेल, त्याला उत्तर ठाऊक होतं. आईला अक्षरओळख नव्हती. बाहेर बाकड्यावर बसल्यावर तिनं मला विचारलं, "काय लिहिलंय गं बाई?"

मी म्हणाले, कावीळ लिहिलीय.

पिणारा माझा बाप. जन्मभर प्याला, अजून पितो, सत्तरी उलटून गेली तरी ठणठणीत आहे. आई त्याच महिन्यात गेली. गावात कुजबुज झाली, दोघं मिळूनच पीत असतील. मी गप्प बसले. तो कागद डॉक्टरच्या टेबलावर आपटून विचारायला हवं होतं, माझ्या आईचं तोंड हुंगून बघ म्हणायला हवं होतं. मला इंग्रजी वाचता येत होतं. नाही विचारलं. ती लाज माझी आहे, दुसऱ्या कुणाच्या गळ्यात मारता येत नाही.

लातूरला शिकले. सूक्ष्मजीवशास्त्र घेतलं आणि पुढं काविळीच्या विषाणूंवरच काम करत राहिले. हिपॅटायटिस बी रक्तातून जातो. जितक्या लहान वयात अंगात शिरेल तितका निघायला कठीण. वर्षानुवर्षं चूपचाप बसतो, दुखत नाही, खुपत नाही, आणि आतल्या आत यकृताच्या गाठी करून टाकतो. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी ग्रंथालयात होते. पुस्तक मिटलं आणि दंड धरून बसून राहिले.

मागच्या वर्षी आमच्या संस्थेनं नांदेड-लातूरकडच्या खेड्यांत रक्ताचे नमुने घ्यायचं ठरवलं. मी माझं गाव यादीत घातलं. भीमनगरात समाजमंदिरात टेबल मांडलं. एक म्हातारी दंड पुढं करून बसली आणि माझ्या पेटीकडं बघत म्हणाली, "यात आमची कोणची?" मी तिच्या डोळ्यांसमोर नवं पाकीट फोडलं. सगळ्या नव्या आहेत, एक सुई एकाच माणसाला, असं सांगितलं. तिचा विश्वास बसला नाही. तरी हात मागं घेतला नाही, आणि मला तेच जास्त लागलं.

निकाल आले. भीमनगरात चाळिशीच्या पुढची, रक्तात हिपॅटायटिस बी असलेली माणसं घरोघर सापडली. गावात तुरळक. प्लास्टिकच्या सिरिंजा आल्यावर जन्मलेली आमची पोरं बहुतेक सुटलेली. वस्तीतल्या विषाणूंची जनुकं एकमेकांशी ताडून पाहिली, तर सगळे एकाच घरातले वाटावेत इतके सारखे. त्यात एक नळी माझी होती. तीही तशीच निघाली.

तेव्हापासून एक गोष्ट होते. नमुन्यांच्या फ्रीझरचं दार उघडलं की गार वाफ तोंडावर येते आणि माझ्या पाठीमागून कुणीतरी विचारतं, काय लिहिलंय गं बाई? भर दुपारी. दिवे लागलेले, माणसं काम करून राहिलेली. मी वळून बघते. प्रत्येक वेळी वळून बघते.

सर आमचे विभागप्रमुख. गोड बोलणारा माणूस, कधी कुणाला अरेतुरे केलं नाही. अहवालाच्या बैठकीत कारणांच्या परिच्छेदात काय घालायचं ते त्यांनी सांगितलं. अस्वच्छ राहणी, व्यसनाधीनता, आरोग्याबाबत अनास्था. मी सुईचं सांगितलं. सर म्हणाले, ऐकीव गोष्टींवर विज्ञान चालत नाही. मी म्हणाले, ऐकलेलं नाही, पाहिलेलं आहे.

"तुम्ही पाच वर्षांच्या होतात," सर म्हणाले. "आणि हे बघा मॅडम, तुमच्या लोकांत पिणं असतंच. यात जात कशाला आणता?"

पुरावा पाहिजे होता, तो आणायला मी गावी गेले. तो डॉक्टर केव्हाच मेला. मालकीण आहे. थकलीय, पण कान-डोळे शाबूत. तिनं मला लगेच ओळखलं. तुझी आई लई गुणाची, म्हणाली, कवा तोंड वर करून बोलली न्हाई. मी तिला विचारून रेकॉर्डर सुरू केला आणि सुईचं विचारलं.

"हाव, तुमची येगळीच व्हती," ती म्हणाली. "आमच्या सैपाकाच्या पातेल्यात तुमची सुई कशी उकळावी, बाई?"

मग आमची कशात उकळायची, मी विचारलं. तिनं खरंच विचार केला. शेवटी म्हणाली, ते कुणी इचारलंच न्हाई. तिच्या बोलण्यात खोट नव्हती आणि पस्तावाही नव्हता. सांगितलं ते लिहून घेतलं, वाचून दाखवलं, तिनं सही केली. एसटीत बसल्यावर माझ्या लक्षात आलं की मला तिचा रागच आला नाही. आईचं हसू माझ्याही तोंडावर आलं होतं, पायऱ्या उतरताना. मग मात्र मला संताप आला.

दुसऱ्या बैठकीत तो कागद मी टेबलावर ठेवला. सरांनी वाचला, बाजूला सारला. शेवटी परिशिष्टात कुठंतरी टाकू म्हणाले. कारणांचा परिच्छेद आहे तसाच राहील. मग आवाज खाली आणून समजावलं, की तुमचाही नमुना यात आहे, नंबरावर कुणाला कळत नाही, उगाच कशाला वाढवता, पुढं करिअर आहे तुमचं.

मी उभी राहिले. "तो नमुना माझा आहे, सर. मी पीत नाही. माझी आई पीत नव्हती. या अहवालावर मी सही करणार नाही."

माझ्या शेजारी बसलेल्या सहकाऱ्यानं आपला चहाचा कप हळूच उचलला आणि माझ्यापासून लांब ठेवला. यकृतावर पीएचडी केलेला माणूस. हा विषाणू कपातून जात नाही, हे तो दरवर्षी वर्गात शिकवतो. मी त्या कपाकडं बघत उभी राहिले आणि माझ्या अंगातली सगळी भीती गेली. यांना माहितीची कमतरता कधीच नव्हती. मी उगाच पुरावे गोळा करून त्यांच्यापुढं मांडत होते.

प्रकल्पातून माझं नाव काढल्याचं पत्र परवा आलं. नोकरीचंही काही खरं नाही. मी रोजची गोळी घेते, कामाला जाते. गावातल्या ज्यांच्या रक्तात सापडलं त्यांना लातूरला नेऊन औषध सुरू करून देते, ते मात्र कुणाच्या बापाला थांबवता येणार नाही.

आईचं माहेर बिलोली तालुक्यात. ती तिथंच वाढली, तिच्या अंगात हा विषाणू तिथंच शिरला असेल. तिचं रक्त मला आता मिळायचं नाही, तिच्यापुरतं काही सिद्ध व्हायचं नाही. तिच्या बरोबरीच्या बाया मात्र अजून आहेत. सोमवारी मी तिथं चाललेय, रजा टाकून. त्यांना विचारणार, डॉक्टर कुणाच्या ओसरीवर बसायचा आणि तुमची सुई कशात उकळायची. तिथून उमरीकडं, मग देगलूरकडं. त्या सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहीन, खाली माझं पूर्ण नाव घालीन, आणि त्यातलं एक अक्षरही कुणाला खोडू देणार नाही.